एक नंबरचे दोन संगणक

दोन संगणक एकमेकांना जोडण्यासाठी राऊटर लागत नाही. एक वायर लागते, दोन वेगळे आकडे लागतात आणि दोन्ही संगणकांच्या मालकांची संमती लागते. वायर पुण्याहून येत असे. आकडे फुकट होते. संमतीचा पुरवठा जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत अनियमित होता. हा मजकूर मुख्यतः त्या तिसऱ्या मालाविषयी आहे.

मी दहा वर्षे पुण्यातल्या एका दैनिकाच्या संगणक विभागात होतो. बातमी एका यंत्रावर टंकली जाई आणि पान दुसऱ्या यंत्रावर लागे. या दोघांमधली वाट मोकळी ठेवणे हे माझे काम. वाट बंद पडली की मुख्य उपसंपादक खुर्चीतून न उठता विचारत, "काय, कुठे, केव्हापासून?" का बंद पडली हे त्यांनी कधी विचारले नाही. कारणे ऐकण्यात पान उशिरा सुटते, असे त्यांचे मत होते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी मंचरला आलो आणि एसटी स्टँडच्या मागे संगणक दुरुस्तीचे दुकान काढले. इथे मला फक्त कारणेच ऐकावी लागली.

तेव्हा संगणक घेणारा माणूस तो वापरेलच असे नव्हते. दवाखाने, शाळा, टायपिंगचे वर्ग, फोटो स्टुडिओ यांनी संगणक घेतले होते. संगणकाच्या खोलीत चप्पल चालत नसे, धूळ चाले. मॉनिटरला हळदकुंकू असे, बोर्डाला अर्थिंग नसे. एकाचे दोन संगणक झाले की खरा प्रश्न सुरू होई: या यंत्रातले त्या यंत्रात न्यायचे कसे? फ्लॉपीवर घ्यायचे, ती खिशात टाकायची आणि चालत जायचे, ही रूढ पद्धत होती. खिशात फ्लॉपीच्या शेजारी तंबाखूची पुडी असे, त्यामुळे पोहोचल्यावर त्यातले किती वाचले जाईल याची हमी नसे. इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून येई आणि बहुधा येत नसे. राऊटर हा शब्द मी ग्राहकांसमोर उच्चारत नव्हतो. उच्चारला असता तर तो नसल्यामुळेच आपले काम अडले आहे, अशी प्रत्येकाची खात्री झाली असती.

वायरीचे शास्त्र साधे आहे. बाहेरून ती एक दिसते. आत आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या पिळलेल्या चार जोड्या. त्या काळच्या यंत्रांना त्यातल्या दोनच जोड्या कामाच्या: एका जोडीने बोलायचे, दुसरीने ऐकायचे. मध्ये हब नावाची पेटी असेल तर याचे बोलणे त्याच्या कानात घालण्याचे काम पेटी करते. पेटी नसेल तर ते वायरीनेच करावे लागते. म्हणून एका टोकाला जिथे केशरी जोडी असते तिथे दुसऱ्या टोकाला हिरवी बसवायची. याला क्रॉस केबल म्हणत. सरळ वायर लावली तर याचे तोंड त्याच्या तोंडाला लागते आणि कान कानाला. दोघे बोलत राहतात, ऐकत कोणीच नाही. ज्याने एक तरी ग्रामसभा पाहिली आहे त्याला हे दुसऱ्यांदा समजावावे लागले नाही.

अपवाद येडगावच्या एका शाळेचा. तिथे दोन संगणक होते आणि ते मी असेच जोडून दिले होते. तिसऱ्या दिवशी ते बंद पडल्याचा निरोप आला. स्कूटरवरून गेलो. वायरीची दोन्ही टोके पाहिली तर रंगांचा क्रम हुबेहूब सारखा. शाळेचे चित्रकलेचे सर शांतपणे म्हणाले की एका टोकाला रंग चुकले व्हते, ते मी नारायणगावच्या टीव्ही केबलवाल्याकडनं नीट करून आनले, तुमी त्या दिवशी घाईत व्हता. मी वायर पुन्हा क्रॉस केली, त्यांना बोलण्याची आणि ऐकण्याची जोडी समजावली. त्यांनी ऐकून घेतले. आठवड्याने पुन्हा निरोप आला. रंग पुन्हा जुळले होते. एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला भलतेच, हे चित्रकलेच्या माणसाच्या नजरेला सहन होत नव्हते. शेवटी मी वायरीला कागदाची पट्टी चिकटवली, तिच्यावर "ही चूक हेतुपुरस्सर केलेली आहे" असे लिहिले आणि मुख्याध्यापकांची सही घेऊन शाळेचा गोल शिक्का मारून घेतला. शिक्का पाहिल्यावर सरांनी चुकीला मान्यता दिली. पुढे ती वायर कोणी सुधारली नाही.

आताची यंत्रे वायर उलटी आहे की सुलटी हे स्वतःच ओळखतात. त्यामुळे माझी ही विद्या कल्हईच्या विद्येशेजारी जाऊन बसली आहे. त्याचे फार दुःख नाही. नंबरावर माणसांची संमती मिळवणे मात्र अजून कोणत्याही यंत्राला जमलेले नाही.

वायर झाली की नंबर. जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता द्यावा लागतो. त्यात चार आकडे असतात. पहिले तीन दोन्ही यंत्रांना सारखे, म्हणजे गल्ली एक. शेवटचा वेगळा, म्हणजे घर वेगळे. शेवटचा आकडा एकपासून अडीचशेच्या थोड्या पुढपर्यंत कोणताही चालतो. धंद्यातल्या सगळ्यांची सवय अशी की पहिल्या यंत्राला एक द्यायचा आणि दुसऱ्याला दोन. पहिले म्हणजे थोर, असा त्यात अर्थ नाही. दारातून आत गेल्यावर जे आधी दिसते ते पहिले. या निरुपद्रवी सवयीने मला वर्षभर त्रास दिला.

मंचरमध्ये महाळुंगे पडवळ गावच्या दोन भावांचा फोटो स्टुडिओ होता. थोरले पांडुशेठ, धाकटे विलासशेठ. आमच्या भागात दुकानाचे शटर वर करणाऱ्याला शेठ म्हणतात, त्याला आणखी पात्रता लागत नाही. शेती वाटली गेली तशी दुकानाचीही वाटणी झाली. मध्ये विटांची भिंत आली. रस्त्याला दोन शटरे आणि दोन पाट्या झाल्या. दोन्ही पाट्यांवर "मूळ" हा शब्द होता. पांडुशेठकडे काउंटर, नवा संगणक आणि फोटो छापण्याचा मोठा प्रिंटर गेला. विलासशेठकडे कॅमेरे आणि लग्नाच्या व्हिडिओची काटछाट करण्याचा संगणक गेला. म्हणजे चित्रे एकाकडे आणि छापण्याची सोय दुसऱ्याकडे, अशी ती न्याय्य वाटणी होती. वाटणी करणारे पंच शेतीतले जाणते होते. विहीर तोडून वाटता येत नाही, तेव्हा ती सामाईक ठेवतात आणि पाण्याच्या पाळ्या लावतात, हे त्यांना ठाऊक होते. त्याच न्यायाने त्यांनी कागदावर लिहिले की दोन्ही दुकानांतील संगणकांमध्ये एक तार राहील व ती सामाईक समजावी.

ती तार टाकायला मला बोलावले. भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. दोघेही मला "त्यांना सांगा" असे सांगत आणि त्यांना ते भिंतीपलीकडे आधीच ऐकू गेलेले असे. मी भिंतीला भोक पाडून वायर ओढली, टोके बसवली, पांडुशेठचे यंत्र आधी लागले म्हणून त्याला एक नंबर दिला आणि विलासशेठच्या यंत्राला दोन. पलीकडच्या फायली अलीकडे दिसू लागल्या. जाताना मी सहज बोललो, "शेठ, तुमचा एक, त्यांचा दोन. लक्षात ठेवा, कधी लागलं तर." व्यवसायातली माझी सर्वांत महागडी चूक या वाक्यात आहे.

आमच्याकडे यात्रेत पहिला नारळ कोणत्या घराचा, लग्नात पहिला टिळा कोणाच्या कपाळी, सत्कारात पहिली शाल कोणाच्या खांद्यावर, एवढ्यावरून माणसे वीस-वीस वर्षे एकमेकांच्या दारात पाणी पीत नाहीत. पुण्यात राहून मी हे विसरलो होतो. आठवड्याच्या आत पांडुशेठने एका गिऱ्हाइकाला सांगितले की आमचं मशीन एक नंबर हाये, पलीकडचं दोन नंबर. भिंत विटांची असली तरी एकेरी होती.

विलासशेठने मला बोलावून घेतले. नंबर बदलता येतो का, असे विचारले. मी येतो म्हणालो आणि कसा ते दहा मिनिटांत शिकवले. पत्रकारितेत सूत्र उघड करू नये म्हणतात. ते इतर धंद्यांनाही लागू आहे, हे तेव्हा सुचले नाही. दुसऱ्या दिवशी विलासशेठचे यंत्रही एक नंबर झाले.

एका गल्लीत एकाच नंबरची दोन घरे झाली की पोस्टमन काय करेल ते करेल. संगणक असे करतो: जे यंत्र आधी सुरू झाले ते नंबर घेऊन बसते, नंतर उठणाऱ्याला पडद्यावर सूचना येते की हा नंबर दुसऱ्याकडे आहे, आणि त्याचे दळणवळण बंद. मी हेही दोघांना समजावून सांगितले. परिणाम वेगळाच झाला. जो आधी दुकान उघडेल तो एक नंबर, असा त्यांनी अर्थ काढला. नऊला उघडणारे दुकान आठला उघडू लागले. दुसऱ्याने साडेसात केले. महिन्याभरात मंचरमध्ये सकाळी सहा वाजता पासपोर्टचे फोटो काढून मिळू लागले. तेवढ्या लवकर पासपोर्ट फोटोची गरज असलेला माणूस तालुक्यात नव्हता.

मी तोडगे काढले. एक आणि दोन नकोत, पाच आणि सात घ्या, असे सुचवले. पांडुशेठने विचारले, "पाच कुणाला?" कोणतेही दोन वेगळे आकडे घेतले की त्यातला एक आधी येतो, या नियमाला गणितात पळवाट नाही. मग सांगितले की नंबरच देऊ नका, यंत्रे आपापसांत ठरवून आपोआप घेतात. विलासशेठ म्हणाला, "आपोआप पयला कुणाला पडंल, ते सांगता येतं का राव?" सांगता येत नव्हते. तेव्हा तोही उपाय पडला. सामाईक तार भिंतीतून नियमाप्रमाणे इकडून तिकडे गेलेली होती आणि तिच्यातून काहीही जात नव्हते.

असे चालू असताना एका दिवशी दुपारी तीनच्या सुमारास विलासशेठ स्वतः माझ्या दुकानात आला. त्याच्याकडे लोणी गावचे एक गृहस्थ सकाळी अकरापासून बसले होते. त्यांचे नाव बाबुराव, सगळे त्यांना तात्या म्हणत. साठीपुढचे, नऊ दिवसांची दाढी वाढलेली. त्यांचा धाकटा भाऊ किसन अचानक गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दशक्रिया होती आणि किसनचा एकही फोटो घरात नव्हता.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे. आमच्या भागात दशक्रिया हा विधी कमी आणि सभा जास्त असते. पाचशे माणसे जमतात, प्रवचन होते, मग पुढारी श्रद्धांजलीची भाषणे करतात. त्यांतल्या बहुतेकांनी मयत माणसाला पाहिलेले नसते. त्यामुळे समोर खुर्चीवर हार घातलेला मोठा फोटो हवा. कोणाविषयी बोलायचे ते त्यावरून कळते. किसनच्या मतदार ओळखपत्रावर फोटो होता, पण तो कोणाही मतदाराचा असू शकला असता. तात्यांना आठवले की आपल्या मुलाच्या लग्नात व्हिडिओ काढला होता, आणि किसन त्या लग्नात दोन दिवस राबत होता. ती कॅसेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन ते एसटीने मंचरला आले. ज्याने ते शूटिंग केले होते तो विलासशेठच.

कॅसेट तीन तासांची. ती संगणकावर चढवून विलासशेठ आणि तात्या एकेक प्रसंग पाहत बसले. किसन सगळीकडे होता आणि कुठेच दिसत नव्हता. शूटिंगचा नियम आहे की मानाची माणसे पुढे घ्यायची. वरपिता म्हणून तात्या प्रत्येक ठिकाणी पुढे उभे, डोक्याला गुलाबी फेटा, फेट्याला वीतभर तुरा. किसन त्यांच्या मागे, हातात कधी पिशवी, कधी ताट, कधी पाहुण्यांच्या चपला. टिळ्याच्या वेळी त्याचा एक कान दिसला. वरातीत कपाळ. जेवणाच्या पंगतीत तो वाढत होता आणि कॅमेरा ताटांवर होता. दोन तासांनंतर व्याहीभेटीचा प्रसंग आला. तात्यांच्या हातातला मानाचा नारळ निसटला आणि तो उचलायला ते वाकले. त्या एका क्षणी मागे उभा असलेला किसन पूर्ण दिसला. भावाला आधार द्यायला त्याने हात पुढे केला होता आणि मान वर होती. विलासशेठने तिथे चित्र थांबवले आणि जपून ठेवले.

चित्र विलासशेठच्या यंत्रात होते. छापणारे यंत्र भिंतीपलीकडे. त्या दिवशी पांडुशेठने सहाला दुकान उघडले होते, विलासशेठने साडेसहाला. एक नंबर पलीकडे होता. विलासशेठने नंबर बदलून दोन केला असता तर काम मिनिटाभरात झाले असते. पांडुशेठने केला असता तरीही. त्याऐवजी विलासशेठ मला घेऊन आला होता.

पाच वाजता भारनियमन सुरू होणार होते. वीज गेली की ती दुसऱ्या दिवशीच्या विधीआधी येण्याचा भरवसा नव्हता. लोणीची एसटी सव्वापाचला होती. मी आधी दुसऱ्या वाटा पाहिल्या. पांडुशेठच्या यंत्राची फ्लॉपीची खाच रस्त्याच्या धुळीने कधीच मेली होती. विलासशेठच्या यंत्रावर सीडी लिहिता येत नव्हती. पेनड्राइव्ह मी तोवर एकदाच पाहिला होता, एका पुणेकर पाहुण्याच्या गळ्यात. विलासशेठच्या यंत्रातली हार्ड डिस्क काढून पलीकडे लावतो म्हणालो, तर भिंतीपलीकडून उत्तर आले की त्यांचे व्हायरस आमच्याकडे नकोत. मंचरमध्ये छपाईची दुसरी दुकाने होती. पण तिथे न्यायलाही चित्र आधी या यंत्रातून बाहेर यायला हवे होते.

मी विलासशेठला म्हणालो की आजच्यापुरता दोन घ्या. त्याने भिंतीकडे पाहून सांगितले की धंदा मी वाढवला, कॅमेरा मी आणला, तर त्यांना सांगा आजच्यापुरता त्यांनीच घ्यावा. पलीकडून पांडुशेठने कळवले की थोरलेपण आजच्यापुरते नसते. पावणेचार झाले.

तात्या दोन्ही दुकानांच्या सामाईक पायरीवर बसले होते. त्यांनी मला हाक मारली.

"अडलंय काय, मिस्तरी?"

मी सांगितले. दोन यंत्रे आहेत, दोन वेगळे नंबर लागतात, दोघांनाही एक नंबर हवा आहे. दोन कोणालाच नको.

"म्हंजे फोटो हाये. मशीन हाये. तारबी हाये."

"होय."

 मग ते बोलू लागले. बोलणे माझ्याशी होते, पण आवाज दोन्ही दुकानांत जाईल एवढा होता.

"चाळीस वरसं घरात एक नंबर माझा. पयला टिळा मला, पयली शाल मला. किसनला कुनी इचारलं न्हाई आन त्यानं मागितलं न्हाई. मला वाटायचं, त्येला नकोच आसंल. आज त्येच्या दशक्रियेला त्येचं तोंड हुडकतोय. तीन तासांच्या कॅसेटीत जिथं बघावं तिथं मीच. त्येच्या तोंडापुढं उभा." त्यांनी दोन्ही शटरांकडे पाहिले. "पाचला लाईट जानार. काय ते बघा बाबांनो."

 मग पलीकडून पांडुशेठ म्हणाला, "मिस्तरी, मला दोन टाका."

मी उठलो. तेवढ्यात अलीकडून विलासशेठ म्हणाला, "न्हाई. दोन मला टाका. त्यांना सांगा, थोरल्याचा मान थोरल्याला."

"त्यांना सांगा, मी थोरला हाये म्हनून मीच कमीपना घेतो."

"त्यांनी उपकार करायचं कारन न्हाई. मी घेतला दोन."

आता दोघांनाही दोन हवा होता. तांत्रिक दृष्ट्या परिस्थितीत काहीही फरक पडलेला नव्हता. दोन नंबरची दोन घरे झाली तरी पोस्टमनची तीच अडचण असते. घड्याळात चार वाजून दहा मिनिटे झाली होती.

तात्या पायरीवरून म्हणाले, "आता ह्यातबी पयला कोन, त्ये ठरवायचंय का?"

 मी विलासशेठच्या यंत्रावर बसलो, एक आकडा टाकला आणि तो मोठ्याने वाचला नाही. मग रस्त्याने फिरून पलीकडे गेलो, पांडुशेठला खुर्चीवरून उठवले, दुसरा आकडा टाकला, तोही वाचला नाही. दोन्ही यंत्रे बंद करून पुन्हा सुरू केली. कोणाला कोणता दिला हे बातमीच्या नियमाप्रमाणे इथे छापायला हवे. ते मी देत नाही. नंबर कसा बघायचा हे त्या दोघांनाही मीच शिकवले होते, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यांनीही तो पाहिला नाही. पुढच्या आठवड्यापासून दोन्ही दुकाने नऊला उघडू लागली. एकमेकांशी ते नंतरही बोलले नाहीत. असल्या वायरीकडून त्यापेक्षा जास्त अपेक्षा करू नये.

चित्र पलीकडे जायला अर्धे मिनिटही लागले नाही. पांडुशेठने ते पडद्यावर मोठे केले. तात्या आत येऊन काउंटरला टेकून उभे राहिले. विलासशेठ पायरीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. म्हणाला, "तात्या, त्यांना सांगा, उजेड थोडा वाढवा. त्या कॅसेटीत चेहरे काळे येतात." तात्यांनी सांगण्याआधीच पांडुशेठने उजेड वाढवला. किसनचा चेहरा वर आला. सावळा, रुंद कपाळाचा, डोळ्यांत किंचित काळजी. पुढे केलेला हात कोपरापर्यंत दिसत होता.

चित्राच्या खालच्या बाजूला मध्यभागी एक गुलाबी गोळा होता आणि त्याच्यातून तुरा वर आला होता. पांडुशेठने कामातल्या माणसाच्या सवयीने माउसने त्याच्यावर रेघ ओढली.

"ह्यो तुमचा फेटा येतोय, तात्या. कापून टाकतो. चेहरा आनखी मोठा घेता यील."

"कापू नका."

"दशक्रियेचा फोटो हाये. दुसऱ्याचं डोकं बरं दिसत न्हाई."

"ऱ्हाऊ द्या," तात्या म्हणाले. "त्येच्या म्होरं जलमात एकदाच वाकलो, त्योबी नारळासाठी. तेवढं तरी लोकांना दिसू द्या."

पांडुशेठने रेघ पुसली आणि फोटो होता तसा छापायला सोडला. कागद प्रिंटरमधून वरच्या बाजूने हळूहळू बाहेर येऊ लागला. आधी किसनचे कपाळ आले, मग डोळे, मग पुढे केलेला हात, आणि सर्वांत शेवटी फेटा.